नासाडीचा महिना

पाऊस पुरता गेला की रत्नागिरीत आधी वास बदलतो. चार महिने भिंतीत मुरलेली ओल बाहेर पडायला लागते, तिच्यापाठोपाठ बुरशीचा आंबूस वास, मग एखाद्या दुपारी वरच्या कातळाच्या सड्यावरून वाळत्या गवताचा वास खाली उतरतो. आणि अंगाला घामाच्या अशा धारा लागतात की गेला तो पाऊसच बरा होता असं वाटावं. हा आमचा ऑक्टोबर. उन्हाळ्याचं कौतुक करायला आंबे तरी असतात, ऑक्टोबरला कोणी वाली नाही. मला मात्र तो आवडतो. या दिवसांत मी कपाटातलं सगळं बाहेर काढते आणि अंगणात उन्हात घालते. गोधड्या, चपला, लग्नाचा अल्बम आणि करड्या पुठ्ठ्याची एक लांबट वही. शेजारच्या वहिनी दर वर्षी विचारतात, ही अजून ठेवलीय का? दर वर्षी मी हो म्हणते आणि विषय बदलते.

यंदा ती वही ऋचाच्या हाती लागली. ऋचा माझ्या थोरल्या भावाची नात, पुण्याला असते. तिची नोकरी काय आहे ते मला तीनदा समजावून झालं होतं, चौथ्यांदा समजलं. कंपन्यांच्या कचेऱ्यांत जायचं, तिथे वीज किती जळते, कागद किती लागतो, पाणी किती सांडतं, गाड्या किती फिरतात, कचरा किती निघतो ते मोजायचं. त्या सगळ्याचा हवेपाण्यावर किती भार पडतो ते काढायचं आणि तो हलका कसा करायचा ते सांगायचं. इथल्या एका कंपनीत तिचं दोन दिवसांचं काम होतं, म्हणून माझ्याकडे उतरली होती. हे क्षेत्रच नवीन आहे ग आत्तेआजी, म्हणाली. मी म्हटलं, नवीन कसलं डोंबलाचं, मी हे त्र्याऐंशी साली केलंय. ती हसली. म्हातारी माणसं काहीही बोलतात, अशा जातीचं ते हसणं होतं. मग मी वही तिच्या मांडीत टाकली आणि कोकम सरबत करायला आत गेले. बाहेर आले तेव्हा पोरगी हसायची थांबली होती आणि पानं उलटत होती.

आमची कचेरी मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होती. जांभ्या दगडाची, कौलारू, मागे विहीर आणि पुढे फणस. मुंबईच्या एका कंपनीची शाखा. मच्छीमारी होड्यांची इंजिनं आणि नायलॉनची जाळी विकायची. माणसं चार. हेडक्लार्क आबा साळवी, इंजिनांचं बघणारे हमीदभाई, शिपाई शिवराम, आणि मी टायपिस्ट, नुकती बावीस पुरी झालेली आणि स्वतःला फार शहाणी समजणारी.

त्या कचेरीत काही म्हणजे काही वाया जात नसे. त्याला आम्ही काटकसर वगैरे म्हणत नव्हतो, जगायची रीतच ती होती. आलेली पाकिटं शिवराम चहाच्या वाफेवर उकलायचा, उलटी करायचा आणि खळ लावून पुन्हा नवी करायचा. पार्सलांची सुतळी सोडवून तिचा गुंडा करायचा. मी लागले तेव्हा तो गुंडा नारळाएवढा होता, नोकरी सोडली तेव्हा भोपळ्याएवढा. माझा कार्बन पेपर आरपार दिसायला लागला तरी आबा तो उजेडाकडे धरून म्हणत, अजून आठवडा जाईल. चहाचा चोथा गुलाबाला, नारळाची सोडणं शिवरामच्या घरच्या चुलीला, पाठकोरे कागद हमीदभाईंना इंजिनाच्या चित्रांसाठी. पंखा एकच, आबांच्या टेबलावर आढ्याला टांगलेला. तो लावायचे प्रसंग दोन. मुंबईहून कोणी आलं तर, आणि इंजिनाची किंमत ऐकून एखाद्या होडीवाल्याला घेरी आली तर.

ऑक्टोबर लागला की दोन कामं ठरलेली. एक फायली वाळवायचं. सकाळी सगळ्या फायली पुढच्या अंगणातल्या खळ्यात मांडायच्या आणि दुपारी कूस बदलायची, पापडासारखी. कावळ्यांना कागदात रस नसतो, वाऱ्याला असतो, म्हणून प्रत्येक फायलीवर एकेक चिरा. दुसरं काम झाप काढायचं. पावसाची झड आत येऊ नये म्हणून पश्चिमेच्या चारही खिडक्यांवर जूनमध्येच झावळ्यांचे विणलेले झाप बांधलेले असत. ते असेपर्यंत आत दिवसाढवळ्या अंधार आणि डोक्यावर बल्ब. झाप उतरले की उजेड असा भसकन आत यायचा की आम्ही चौघं डोळे चोळत एकमेकांकडे बघायचो. चार महिन्यांत कोण किती पिकलं ते त्या दिवशी कळायचं.

त्या वर्षी झाप उतरायच्या आत मुंबईहून परिपत्रक उतरलं. आमचे मोठे मालक मुलाकडे जर्मनीला जाऊन आले होते. तिथल्या कचेऱ्यांत म्हणे वीज-पाणी-कागद सगळं मोजतात आणि निसर्गाचं ओझं कमी करतात. मालक भारावून आले. माणूस भला होता, पण भारावलेला मालक म्हणजे कारकुनांना ताप. परिपत्रकासोबत एक तक्ता होता. वीज, कागद, पाणी, पेट्रोल आणि इतर टाकाऊ, असे पाच रकाने. ऑक्टोबरभर शाखेनं नेहमीसारखं वागायचं आणि मोजायचं. नोव्हेंबरात यातलं चौथाई कमी करून दाखवायचं. जी शाखा दाखवणार नाही ती ढिली समजून जवळच्या मोठ्या शाखेत मिळवायची. आमच्या जवळची मोठी शाखा म्हणजे कोल्हापूर, जिथे समुद्राचा वाससुद्धा येत नाही आणि शेतीचे पंप विकतात.

मोजायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शास्त्र शाखेची. मी उत्साहानं ही वही आखली. पहिल्या आठवड्यात माझा उत्साह मावळला. मोजायला काही सापडेचना. मीटरची चकती इतकी संथ फिरे की शिवराम म्हणाला, डुलकी लागली असेल तिला. कचरा तोलायला जाळी तोलायचा काटा आणला, तर आठवड्याच्या टोपलीनं काटा हललाच नाही. टोपलीत होतं काय? तुटलेलं एक निब आणि हमीदभाईंच्या विड्यांची थोटकं.

आबांनी शनिवारी वही पाहिली. मग त्यांनी मला विचारलं की यातलं चौथाई म्हणजे किती होतं. मी सांगितलं. ते म्हणाले, पोरी, हे कमी करायचं तर आपल्याला श्वास कमी घ्यावा लागेल.

मला तेव्हा हसू आलं. आबांना आलं नाही. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती आणि घरी माई होत्या. माईंची दृष्टी दहा वर्षांपूर्वी एका तापात गेलेली. पण कधी त्यांच्याकडे गेलात तर तुम्हाला कळायचंसुद्धा नाही. ओटीवरून विहीर बावीस पावलं, तुळस नऊ, चूल चौदा आणि मध्ये एक पायरी. माई पाणी शेंदायच्या, भाकऱ्या थापायच्या, कोणाचं मांजर दुधाकडे निघालंय ते ऐकून ओरडायच्या. मी भाबडेपणानं म्हणून गेले की कोल्हापुरालाही घरं असतातच की. आबांनी चष्मा काढून पुसला.

"इथं ती आंधळी नाही, शैला. कोल्हापूरला होईल."

त्यानंतर श्वासावरचा तो विनोद मी कोणाला सांगितला नाही.

आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? ऑक्टोबरचे आकडे फुगवून लिहील, नोव्हेंबरचे खरे लिहील, मोकळा होईल. ऋचानंही हेच विचारलं, आणि तिच्या विचारण्यावरून वाटलं की तिच्या धंद्यात असं होत असावं. आमच्या कोणाच्या डोक्यात ते आलं नाही असं नव्हे. हमीदभाईंनी तसं सुचवूनही पाहिलं. आबा म्हणाले, खोटा आकडा मी आयुष्यात लिहिला नाही, आता दोन वर्षांसाठी कशाला लिहू? लिहायचा तर खराच आकडा लिहायचा. मोठा पाहिजे असेल तर मोठा खरा लिहायचा. म्हणजे उरलेले तीन आठवडे आपण रीतसर नासाडी करायची.

एवढं बोलून आबा उठले आणि त्यांनी पंखा लावला. कोणीही आलेलं नसताना. शिवराम दारात उभा होता, त्याचा चेहरा कोणी गेल्यासारखा झाला.

नासाडी करायला अंगात काहीतरी लागतं, ते आमच्यात नव्हतं. सोमवारी आबांनी कामं वाटून दिली. झाप यंदा महिनाअखेरपर्यंत काढायचे नाहीत, सगळे बल्ब दिवसभर. पंखा सकाळी दहाला सुरू, पाचला बंद. मी प्रत्येक पत्र दोनदा टाइप करायचं आणि पहिलं फेकायचं. मागचा नळ थोडा सोडून ठेवायचा. हमीदभाईंनी स्कूटर बंदरावरून सरळ न आणता भाट्याच्या पुलावरून वळसा घालून आणायची. आबा इतक्या गंभीरपणे सांगत होते, जणू सत्यनारायणाची तयारी.

पहिल्या दिवशी मी एक कोरा करकरीत कागद यंत्रात घातला, पत्र टाइप केलं, काढलं आणि चुरगळला. लहानपणी मी पाटीवरचं पुसायला थुंकी लावली म्हणून आईनं बोटं लाल केली होती, तेच आठवलं. तासाभरानं पाहते तर माझा चुरगळा शिवरामनं लोट्यात गरम पाणी घालून त्याच्या बुडाखाली इस्त्री केलेला. दुपारपर्यंत त्याचं पाकीट झालं होतं. नळाखाली त्यानं पहिल्याच दिवशी बादली ठेवली आणि ते पाणी फणसाच्या बुंध्याशी लावलेल्या अळवाला घातलं. मग त्या दिवसांत विहिरीतून पाणी काढायला लागेना, आणि एकूण पाणी पूर्वीपेक्षा कमीच भरलं. हमीदभाई भाट्याला गेले खरे, पण तिथे एक गिऱ्हाईक भेटलं, इंजिन विकून आले, म्हणजे तीही फेरी कामाचीच झाली. आबांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. इंजिन विकल्याबद्दल शिव्या खाल्लेला तेवढा एकच माणूस मी पाहिला.

पंख्याचं तर विचारूच नका. खोलीत कोणी नसताना तो फिरतोय हे कोणालाच बघवत नसे. मी पाणी प्यायला उठले की येताना बटण बंद करी. हमीदभाई नमाजाला जाताना करीत. एके दिवशी आबांनी सगळ्यांना समोर उभं करून विचारलं की रोज पंखा बंद कोण करतं? शेवटी शिवराम म्हणाला, "माझ्याच्यान नाय व्हायचं, आबा." आबा त्याच्यावर पुष्कळ बोलले. त्या संध्याकाळी कचेरी सुटल्यावर मी कोपऱ्यावर चणे घेत होते, तर आबा अर्ध्या वाटेवरून घाईघाईनं परत चाललेले दिसले. कुलूप उघडून आत गेले, आणि झापांच्या फटीतून दिसणारा बल्ब विझला. मी चणे खात राहिले. मोठ्या माणसांना आपण पाहू नये अशा वेळी आपण त्यांना पाहिलेलं नसतं.

महिना सरत आला आणि वहीतला आकडा होता तिथेच. आबा दिसायला खराब झाले. माईंनी मला निरोप पाठवून विचारलं की यांना कचेरीत काही होतंय का, जेवताना भात चिवडतात. मी उलटा निरोप पाठवला की काही नाही, उकाडा आहे. तेवढं एक खोटं मी बोलले.

आणि शेवटच्या आठवड्यात मोजणी तपासायला मुंबईहून साहेब आला. नाडकर्णी नावाचा, तिशीतला, गोरागोमटा, बोलायला अत्यंत गोड माणूस. वाईट असता तर फार सोपं झालं असतं. तो जीपमधून आला. मुंबईपासून एकटा, ड्रायव्हर सोडला तर. पेट्रोल शाखेच्या नावावर भरायची पद्धत होती. येताच त्यानं उकाड्याचं नाव घेतलं आणि पंखा लावला. त्याला एक पंखा पुरेना, म्हणून हमीदभाईंनी घरून टेबलफॅन आणला. विहिरीचं पाणी त्याला सोसेना, मग ते उकळायचं आणि बर्फात गार करायचं. बर्फ कुठला, तर बंदरावरचा, मासळीचा. साहेब एक घोट घ्यायचा आणि थोडा विचार करायचा, पण बोलला कधी नाही. उरलेलं पाणी ओतून द्यायचा. हात धुताना नळ सोडून माझ्याशी निसर्गाबद्दल बोलायचा. जंगलं कशी तुटतात, नद्या कशा आटतात हे त्याच्या तोंडून ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि शिवरामच्याही, पण तो नळाकडे बघत होता.

खरी मजा अहवालाची. साहेब तो मला तोंडी सांगे. मी एकेक पान सहा प्रतींत टाइप करी, मग त्याला एखादा शब्द आवडत नसे. सहाच्या सहा पानं टोपलीत. मी कार्बन नवे मागितले, त्यानं नवे दिले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा नवा कार्बन वापरला. काय सुरेख अक्षर उठतं हो. टोपली दिवसातून दोनदा भरू लागली. शिवराम त्या कागदांकडे हात नेणार, तेवढ्यात साहेब म्हणाला, नको नको, गोपनीय आहे, जाळून टाका. मागच्या परसात शिवराम ते जाळत होता तेव्हा मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. असं माणसानं एकटं सोसू नये.

मी मात्र सगळं मोजलं. जीपचं पेट्रोल, बर्फ, दोन पंखे, टोपल्या. जाळायच्या आधी तोलून. गुरुवारी काटा हलला. शुक्रवारी चांगलाच हलला. मी आबांकडे पाहिलं, आबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांनी पहिल्यांदा रंग आला. एकतीस तारखेला साहेबानं वहीतले आकडे पाहिले, भुवया वर केल्या, आम्हाला प्रेमानं म्हणाला की एवढ्याशा कचेरीच्या मानानं ही उधळपट्टी फार आहे, पण निराश होऊ नका, आणि महिन्याच्या बेरजेखाली सही केली. त्याची सही अजून आहे वहीत. ऋचानं तिचा फोटो काढून घेतला.

एक नोव्हेंबरला सकाळी शिवराम शिडी लावून चढला आणि झाप उतरवले. उजेड आत आला. सगळे बल्ब गेले, पंखे गेले, हमीदभाई सरळ रस्त्यानं येऊ लागले. महिनाअखेर चौथाई सोडा, निम्म्याहून खाली. वही भरायची सवय मला लागली ती पुढेही राहिली. मुंबईत म्हणे आमचं नाव भिंतीवर लागलं. आणि मग डिसेंबरच्या सुरुवातीला मालकांचं स्वतःचं पत्र आलं की ही किमया आपण कशी साधली ते कळवावं, म्हणजे सर्व शाखांना कळवता येईल.

झालं. आमच्या पायाखालची जमीनच गेली. हमीदभाई म्हणाले, लिहा की शिस्त, निष्ठा, सहकार्य. मीही म्हटलं, लिहा आबा, त्यात काय खोटं आहे. खरं सांगायचं तर मी हात जोडले त्यांना. मला बावीस पावलं आठवत होती. आबांनी पत्र खिशात घातलं आणि उद्या बघू म्हणून घरी गेले.

सकाळी आले ते दाढी करून, टोपी नवी घालून. म्हणाले, रात्री जेवताना हिला सगळं सांगितलं, नासाडीसकट. ती आधी पोट धरून हसली. मग माई काय म्हणाल्या ते त्यांनी मला सांगितलं, यंत्रावर नजर ठेवून, माझ्याकडे न बघता.

"खरं असेल ते लिहा. पावलं मी परत मोजीन."

मालकांच्याच पत्राची पाठकोरी बाजू यंत्रात चढवायला लावून आबांनी मला मजकूर सांगितला. मी तो या वहीत उतरवून ठेवला आहे. उपाय दोन केले. एक, पश्चिमेच्या खिडक्यांचे झाप काढले. दोन, मुंबईचे साहेब परत गेले. आपला आज्ञाधारक. बस. पाकीट शिवरामनं दिलं, माझ्या त्या पहिल्या चुरगळ्याचं.

उत्तर यायला तेरा दिवस लागले. ते तेरा दिवस आबा रोज झाडं बघत यायचे, म्हणजे एरवी ज्यांच्याकडे कधी पाहिलं नाही अशी रस्त्यातली झाडं. चौदाव्या दिवशी दुपारी टपाल आलं. डिसेंबरातला गार वारा सुटला होता, तरी आबा म्हणाले, शैला, पंखा लाव ग जरा. मी लावला. त्यांनी पाकीट कात्रीनं नीट उघडलं. आतला कागद मी लगेच ओळखला, मीच टाइप केलेला होता. नाडकर्णींच्या अहवालाच्या पाचव्या प्रतीतलं एक पान, आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मालकांचं शाईचं अक्षर. झाप दर वर्षी वेळेवर काढावेत. साहेब पुन्हा पाठवला जाणार नाही, कुठल्याच शाखेला. रत्नागिरी शाखा आहे तिथे राहील.

आबांनी ते दोनदा वाचलं. मग कागदाची घडी घातली, छत्री घेतली आणि निघाले. पाच वाजायला दोन तास होते. बत्तीस वर्षांत हा माणूस वेळेआधी उठला नव्हता. फणसाखालून जाताना जवळजवळ पळतच होते. चप्पल एकदा निसटली, ती घालायला थांबले, पुन्हा पळाले.

ऋचानं मला विचारलं की आत्तेआजी, या नोंदी एकदम पुऱ्या आहेत का, सगळं धरलंयस? मी म्हटलं, एक सोडून.

आबा गेले आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर पंखा गरगर फिरत राहिला. शिवराम सवयीनं बटणाकडे गेला. हात वर केला, तसाच ठेवला, आणि माघारी येऊन स्टुलावर बसला. "ऱ्हाऊं दे गो बाय आज," म्हणाला. आम्ही तिघं पाच वाजेपर्यंत त्या रिकाम्या खुर्चीला वारा घालत बसलो. ती वीज मी वहीत धरली नाही.